तिकिटाच्या टेबलामागून

मोंतेविदेओच्या या टोकाला बस वळते, शहर संपतं.
फेब्रुवारी आहे, म्हणजे भर उन्हाळा,
आणि क्लबच्या बास्केटबॉलच्या पटांगणात
फळ्यांचा मंच उभा राहिलाय,
गेल्या वर्षीसारखाच जरा डावीकडे कललेला.
मी तिकिटाच्या टेबलाशी.
बिस्किटांच्या डब्यात सुटे पैसे, नोटांवर दगड,
तरी नदीवरचा वारा धड मोजू देत नाही.

माणसं येतात काखेत थर्मास मारून,
हातात कडू हिरव्या चहाचा भोपळा,
डोक्यावर आपापली खुर्ची.
निबियाआजी उशीसकट.
"आज कुणाची काढणार रे?" विचारते आणि आत.
तिकीट? साठ वर्षांत एकदाही नाही.
तालमी तिच्या भिंतीला लागून होतात,
तीच म्हणते, मी तुमच्याकडून भाडं मागते का?

मुर्गा म्हणजे काय, परक्याला सांगायला जावं
तर हात हलतात नुसते, शब्द येत नाहीत.
चौदा जण, तोंडं रंगवलेली,
गाणं नाकातून, घशाच्या तळातून, शिरा ताणून,
मागे ढोल, ताशा आणि झांजा, बस्स.
आणि वर्षभराचा हिशेब :
राष्ट्राध्यक्षांपासून कोपऱ्यावरच्या खाटकापर्यंत
कुणाचीच उधारी ठेवायची नाही.

यंदाचा विषय, हरवलेल्या वस्तू.
बेकरीवाला एका पायाचा बूट झालाय,
शाळेतली गणिताची बाई कवळी,
आणि आमच्या बसचा ड्रायव्हर विल्मार
काळी छत्री होऊन, काड्या सावरत पुढे येतो :

    आठची गाडी नऊला आली,
    नऊच्या गाडीचा नाही पत्ता,
    कोटाचे खिसे उलटे केले,
    सापडला नुसता भत्ता!

सकाळी त्याला शिव्या घालणारेच
आता खुर्चीवर चढून शिट्ट्या मारतात.
खाटीक सगळ्यांत जोरात हसतो,
त्याची पाळी अजून यायचीय.

माझा हेबर पहिल्या रांगेत.
सव्वीस वर्षं झांजा वाजवल्या, त्यांनीच कान नेले.
मंचाच्या फळीला पाय टेकवून बसतो.
"येतंय का ऐकू?" मी खुणेनं विचारते.
तो पोटरीवर थाप मारतो. इथं येतंय.

कवळी आणि बुटाच्या मध्ये
एक माणूस मावेल एवढी जागा आहे.
लीबेर जानेवारीत स्पेनला गेला, कामाला.
सुल्मानं, त्याच्या आईनं, झगा तरीही पुरा केला,
हिरवा हातमोजा, पाच बोटं, टिकल्यांची शिवण.
तो झगा तिथं हँगरवर लटकतोय, वाऱ्यानं फुगतोय.
त्यावर गाण्यात एक अक्षर नाही.
एरवी आम्ही कुणाला सोडत नाही.

त्याच्या ओळीपाशी दिग्दर्शकाचा हात
सवयीनं वळला त्या झग्याकडे
आणि हवेतच राहिला.
ढोल एक ठोका चुकला.
तेवढ्यात उशीवरून
निबियाआजीनं ती ओळ म्हटली,
बेसूर, पण शब्द न् शब्द बरोबर.
भिंतीपलीकडून नोव्हेंबरपासून ऐकलेली.
पटांगण असं काही ओरडलं
की पलीकडची कुत्री सुटली.
सुल्मा चोरिझोच्या शेगडीमागे होती,
तिला धुराचं कारण मिळालं.

मग ते मंचावरून खाली उतरले, गातच,
निरोपाचं गाणं आमच्या खुर्च्यांमधून नेत.
विल्मारची एक काडी माझ्या केसांत अडकली.
पोरांच्या गालांवर चमकी, बूट माझ्या पायावर.
मला त्या गाण्याचे शब्द पाठ आहेत
आणि दर वेळी तिसऱ्या ओळीला
घसा दगा देतो.

रात्री दोनला डबा उघडला.
तीनदा मोजले.
एका तिकिटाचे पैसे जास्त.
हेबरच्या चांगल्या कानात ओरडून सांगितलं.
"झोप आता," तो म्हणाला, "आठची गाडी आहे."
मग जरा थांबून,
"म्हणजे नऊची."